आमच्या साकवाचं छप्पर

मैत्रिणींनो, आज दुपारी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "आपा, ओढ्यावरचा आपला साकव सकाळी पाडला. कौलं फुटून पाणी आत गेलं, तुळया पार कुजल्या होत्या."

"कौलं बदलली नाहीत?"

"चढणार कोण? तुझे दोघे मुलगे तिकडे सौदीत दम्मामला, माझा खफजीला. माझे गुडघे कसे आहेत तुला माहीत आहे ना?"

माझे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या नातीने विचारलं, "दादी, पुलाला रूफ कशाला? पावसात भिजू नये म्हणून?"

त्या लाकडी पुलावरून कॉन्व्हेंटला जाताना मलाही तसंच वाटायचं. अब्बा हसायचे. "तुझ्यासाठी नाही गं, लाकडासाठी. ते कोरडं राहिलं तर साकव टिकेल." म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक घरातला एक जण छपरावर चढायचा. खालून आम्ही मुली कौलं द्यायचो.

संध्याकाळी कामावरून घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "अम्मी, आता सिमेंटचा होईल. दरवर्षी चढायची झंझट खलास."

खरं आहे त्याचं. सिमेंटच्या पुलाला आमच्यापैकी कुणाचीच गरज लागणार नाही.

तुमच्या वाडीत छपरावर चढणारं कुणी उरलंय का?