भोंग्याच्या गोलासमोरचे खड्डे

मोरिवलीच्या आमच्या मैदानाला कुणी स्टेडियम म्हटलं की पूर्वी मला हसू यायचं, आता राग येतो. कमानीवर तसं रंगवलेलं आहे, एवढंच. एका बाजूला सिमेंटच्या पाच पायऱ्या, दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत आणि मधे खड्डेच खड्डे. गेल्या रविवारी आमच्या फुटबॉल क्लबची दोन वर्षांनी घरच्या मैदानावर मॅच होती. बाबांनी आठवडाभर दुसरा विषय काढला नव्हता. सकाळीच त्यांना घेऊन पोचले, तर आदल्या दिवशीच्या लग्नाचा मंडप नुकताच उतरवलेला. खांबांचे खड्डे तसेच उघडे.

बाबा या क्लबचे जुने गोलकीपर. त्यांनी आणि कारखान्यातल्या त्यांच्या पाळीच्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी बाभळी तोडून हे मैदान सपाट केलं. उरल्यासुरल्या सिमेंटच्या पायऱ्या झाल्या. मॅच अशा बेताने सुरू व्हायची की मध्यंतर आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा एकदमच. भोंगा झाला की अर्ध्या पायऱ्या रिकाम्या व्हायच्या आणि सुटलेली पाळी रिकामे डबे घेऊन, "स्कोअर काय?" विचारत त्याच जागी टेकायची. भिंतीकडच्या गोलाला अजून भोंग्याचा गोल म्हणतात. कारखान्याकडून वारा आला की डोळे चुरचुरायचे. नाणेफेक जिंकूनही कुठली बाजू घ्यावी हे पाहुण्यांना कळायचं नाही. बाबांना बरोबर कळायचं.

आता भोंगा बंद आहे आणि मैदान कधी लग्नाला, कधी सेलला, कधी भाषणाला दिलेलं असतं. खेळायला मागितलं की मात्र मैदानाची कमिटी अर्ज करा म्हणते!

बाबांनी क्लबच्या खोलीतून घमेलं काढलं आणि मुरूम भरायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस! माझं डोकंच फिरलं. मंडपवाला शेजारच्या कॅम्प पाच वस्तीतला, टेम्पोत खांब भरत होता. मी तडक त्याच्यावर धावून गेले.

"हे खड्डे कोण बुजवणार? चार वाजता मॅच आहे इथे!"

"ताई, टेन्शन मत लो. मंडप खोलना अपना काम, मिट्टी डालना नहीं."

"लाज नाही वाटत? खेळाचं मैदान आहे हे!"

त्याने हातातला खांब खाली ठेवला. "इधर पहला मंडप किसका था, मालूम है? मेरे पिताजी ने लगाया था. आपकी ही शादी का."

ते खरं होतं. त्या मोसमात कुठे हॉल मिळेना म्हणून बाबांच्या मानासाठी कमिटीने एक दिवस मैदान दिलं होतं. पुढे ज्याला नाही म्हणावं तो विचारायचा, "गोलकीपरच्या मुलीला चालतं, मग आम्हाला का नाही?" आणि मैदान द्यावंच लागायचं.

त्या लग्नाचा आणखी एक सल माझ्या मनात आहे. दुसऱ्या दिवशी बदलापूरला सासरी सत्यनारायण होता. माहेरची सगळी माणसं आली, शेजारी आले, टीम आली, बाबा तेवढे आले नाहीत. "कामात होतो," एवढंच म्हणाले. सासरी त्यावरून मी वर्षानुवर्षं टोमणे ऐकले आणि बाबांना कधी मनापासून माफ केलं नाही.

त्या रविवारी मी पायरीवर बसून कमिटीतल्या एकेकाला फोन लावत राहिले. कुणी उचलला नाही. घमेल्याला मात्र मी हात लावला नाही. दुपारी रेफरी मैदान बघायला आला. भोंग्याच्या गोलासमोर त्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि त्याने मान हलवली. मॅच खरवईच्या टर्फ मैदानावर हलवली. पोरं बाइकवर बसून निघाली. एकाने बाबांना "काका, चला" म्हटलं, पण बाबांनी नुसता हात केला.

मैदानावर आम्ही दोघंच उरलो. बाबा अजून मुरूम ठोकत होते.

"बाबा, मॅच गेली. आता कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुझ्या लग्नानंतर दोन दिवसांनी मॅच होती," ते वर न बघता म्हणाले. "आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे खड्डे बुजवले होते. झाली मॅच."

"एकट्याने?"

"मग कोण येणार? सगळे तुझ्या पूजेला गेले होते."