डावीकडून झिजलेले दात

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायचे आणि हा आपल्या एका खोलीत बसून त्यावरून कवळी घडवायचा. खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ, मेणाचा वास, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले जबडे. काही मिटलेले, काही किंचित उघडे, बोलता बोलता थांबल्यासारखे. त्यांतली कितीतरी माणसं एव्हाना गेलीही असतील, पण साचे फेकायला त्याचा हात धजत नसे. नवा माणूस दारातच अडखळायचा. कवळीवाल्याला मात्र त्या जबड्यांचं काही वाटत नव्हतं. त्याचा जीव अडकला होता तो दुसरीकडेच, आणि ते या खोलीत मावणारं नव्हतं.

गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागून वापरलेल्या यंत्रांचं यार्ड होतं. डंपर, रोलर, क्रेन, पोकलेन. वर्षानुवर्षं राबवून मालकांनी विकायला आणून सोडलेली. सुट्टीचा दिवस उजाडला की कवळीवाला तिकडे. विकत घ्यायची ऐपत नव्हती, इच्छाही नव्हती. नुसतं रांगांमधून हिंडायचं, डंपरच्या हौद्यावरचे ओरखडे बघायचे, चेनमध्ये अडकलेली माती नखाने उकरायची आणि ती कुठल्या रंगाची आहे ते पाहत राहायचं.

"लोक सुट्टीला नातेवाइकांकडे जातात," बायको म्हणायची, "आमच्या ह्यांचे नातेवाईक तिकडे गंजत उभे असतात."

"तू चल ना एकदा."

"नको. तिथे कोणी आवडलं तुम्हाला तर घरी घेऊन याल. इथे पाय ठेवायला जागा नाही."

यार्डाचा मुकादमही त्याची फिरकी घेई. लांबून दिसला की हाक मारायचा, "या कवळीशेठ. आज कोणाचे दात तपासायचे?"

थट्टा असली तरी खरी होती. पोकलेनच्या बकेटला पुढे लोखंडी दात असतात. जमीन तेच फोडतात, म्हणून तेच झिजतात. झिजले की काढायचे आणि नवे ठोकायचे. काही महिन्यांचा खेळ. कवळीवाला बकेटसमोर उकिडवा बसायचा आणि एकेका दातावरून अंगठा फिरवायचा. माणूस ज्या बाजूने चावतो त्या बाजूचे दात आधी झिजतात, आणि ऑपरेटरचा हात जिकडे झुकतो तिकडचे बकेटचे. अंगठ्याखाली त्याला न पाहिलेला माणूस लागायचा. कोणी रागीट, कोणी अंगचोर, कोणी घरी लवकर जायच्या घाईतला. अंधारात कोणाचा तरी हात हातात यावा, तसं व्हायचं. तो हात कधी गरम असायचा, कधी नसायचा.

हा नाद त्याला लावला दादाने, त्याच्या थोरल्या भावाने. दादा दगडखाणीत पोकलेनवर होता. लहानपणी पडल्यामुळे त्याचा उजवा खांदा पुरता उचलत नसे, म्हणून तो सीटवर तिरपा बसायचा आणि नेहमी डाव्या कोपऱ्यातून खणायला सुरुवात करायचा. त्याच्या बकेटचा डावीकडचा दात झिजून खुंटासारखा व्हायचा, शेजारचा तिरका कापल्यासारखा, आणि उजवीकडचे जवळजवळ कोरे. माती ओतून झाली की तो बकेटला दोनदा झटका द्यायचा, माणूस हात धुऊन पाणी झटकतो तसा.

"तुझ्या बकेटला एका बाजूने दाढदुखी आहे," कवळीवाला म्हणायचा, आणि दादा हसायचा. हसला की समोरचे दोन दात दिसत ते धाकट्या भावाने घडवलेले. खरे दात एका दणक्यात लिव्हरवर आपटून गेले होते. कवळीवाल्याने दोन दातांची छोटी कवळी केली होती, आणि जास्तीची म्हणून तशीच आणखी एक. "तोंडात नसेल तेव्हा पाण्यात ठेवत जा," त्याने बजावलं होतं. "कोरडी पडली की वाकते. मग बसत नाही."

मग एका दुपारी खाणीचा कडा बसला. कंपनीच्या माणसांनी सांगितलं, मशीन खाली गेलंय, उकरायला गेलो तर उरलेला डोंगरही अंगावर येईल. दादा त्या वेळी मशीनमध्ये होता का, हे छातीठोकपणे सांगणारं कोणी नव्हतं. एकाने त्याला केबिनमध्ये पाहिलं होतं. एकाने पाण्याच्या पिंपाकडे जाताना पाहिलं होतं. आणि एक जण म्हणाला, मी त्याला रस्त्याने जाताना पाहिलं, धुळीने पांढरा झालेला, मागे वळून न बघता चाललेला.

वहिनीने हे शेवटचं तेवढं धरून ठेवलं. जास्तीची कवळी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टीलच्या वाटीत ठेवली आणि रोज सकाळी वाटीतलं पाणी बदलू लागली. वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. वहिनीचे गुडघे गेले. पाणी रोज बदललं जात होतं.

यंदा पुतणीने घरात आईसाठी एक खोली रिकामी केली. वहिनीच्या घरमालकालाही जागा हवी होती. पुतणीने फोन केला. "काका, तुम्ही सांगा तिला. एकटी पडली तर उठवायला कोणी नाही. ती म्हणते, बाबा आले तर घर बंद दिसेल. मी काय बोलू यावर?"

"सांगतो," कवळीवाला म्हणाला. सुट्टी झाली की जायचं त्याने ठरवलं. पण सुट्टीला आधी तो यार्डात गेला.

मागच्या रांगेत एक नवीन आलेलं पोकलेन उभं होतं. नवीन म्हणजे रंग नवा. पिवळा, दाट, वरून चोपडलेला. बकेट जमिनीला टेकलेली. कवळीवाला सवयीने खाली बसला, अंगठा लावला आणि तसाच राहिला. डावीकडचा दात खुंट. शेजारचा तिरका. उजवीकडचे कोरे.

आजूबाजूला कोणी नव्हतं. वारा पडला होता, तरी केबिनचं दार किंचित हललं.

"हे कुठलं?" त्याने मुकादमाला विचारलं.

"चार हात फिरून आलंय. कुठून कुठून. का, कीड लागलीय का दाताला?"

"दात कधीचे?"

"दात आत्ताचे. गेल्या हंगामात ठोकलेत."

म्हणजे हे दात झिजवणारा हात गेल्या हंगामानंतरही चालत होता. उन्हात उभा असूनही कवळीवाल्याला आपली सावली आखडल्यासारखी वाटली.

यार्डाची एक रीत होती. मशीन विकायच्या आधी त्यावरच्या शेवटच्या ऑपरेटरनेच यायचं आणि मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणून दाखवायचा. दुसऱ्याने बसायचं नाही. मशीनच्या खोडी फक्त त्यालाच ठाऊक असतात. "याचं गिऱ्हाईक पुढच्या सुट्टीला येतंय," मुकादम म्हणाला. "तेव्हा तो ऑपरेटर येईल. या बघायला."

घरी न जाता तो वहिनीकडे गेला. ती गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. सांगायला आला होता एक आणि सांगितलं दुसरंच. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "भाऊजी, तुमचं काम दातांचं. कधी चुकता?"

"बाकी सगळ्यात चुकतो. दातात नाही."

तिने तेलाची बाटली बंद केली आणि त्याच्या देखत मुलीला फोन लावला. "मी येत नाही. घरमालकालाही तसंच कळवते. का ते नंतर सांगेन."

त्या आठवड्यात कवळीवाल्याच्या हातून दोन कवळ्या बिघडल्या. काम करताना फळीवरचे जबडे आपल्याकडे बघत नाहीयेत, दाराकडे बघतायत, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

सुट्टीच्या सकाळी तो वहिनीला घेऊन यार्डात गेला. ती धुतलेले कपडे घालून, केस नीट विंचरून निघाली होती. हातात ओल्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "तोंडातली केव्हाच मोडली असेल. इतकी वर्षं दातांशिवाय असतील. लोकांसमोर हसायची लाज वाटेल त्यांना."

त्यांना पोचायला उशीर झाला. खड्डा सुरू झाला होता. मोकळ्या जागेत पोकलेन त्यांच्याकडे पाठ करून उभं होतं, आणि केबिनच्या काचेवर सूर्य असा बसला होता की आतलं काही दिसत नव्हतं. नुसती तळपणारी चौकट. दांडा वर गेला, डावीकडे झुकला, डाव्या कोपऱ्यातून बकेट आत शिरली. भरून वर आली, वळली, माती ओतली. आणि मग बकेटने दोनदा झटका दिला.

वहिनीने कवळीवाल्याचं मनगट धरलं. "तेच आहेत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, बसस्टॉपवर कोणी ओळखीचं दिसावं तसा. "मी खाणीवर डबा घेऊन जायचे तेव्हा लांबून असंच दिसायचं."

पुन्हा डावा कोपरा. पुन्हा दोन झटके. खड्डा एका बाजूने खोल होत चालला. मग इंजिन थांबलं. एकदम झालेल्या शांततेत केबिनचं दार उघडलं आणि एक जाडगेला, टक्कल पडलेला माणूस मागे तोंड करून खाली उतरला. तो वळला. त्याला ते दोघे ओळखत नव्हते. तोही त्यांना ओळखत नव्हता.

वहिनीची पकड सुटली नाही.

"हाताखाली चांगली आहे," ऑपरेटर गिऱ्हाइकाला सांगत होता, "फक्त डावरी आहे. मी जन्मभर उजवीकडून खणणारा माणूस. हिच्यावर बसलो आणि महिन्याभरात हिने मला डावीकडून खणायला लावलं. आता दुसऱ्या मशीनवर बसलो तरी डावीकडेच जातो. बायको म्हणते, जेवायलाही तिरका बसायला लागलात. माझ्या आधीच्याचंही असंच झालं होतं."

"आणि तो झटका?" कवळीवाल्याने विचारलं.

"तो मी देत नाही. तीच देते. कुठेतरी काहीतरी घासून बसलंय."

तेव्हा कवळीवाल्याला कळलं. खरं तर ते त्याला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. माणूस जुनी कवळी वर्षानुवर्षं वापरतो आणि मग जबडाच कवळीच्या वळणाने चावू लागतो, हे तो रोज बघत होता. दादाने तिरपं बसून बसून या लोखंडाच्या पिना आणि सांधे एका बाजूला झिजवले होते. लोखंड ते विसरलं नव्हतं. नंतर जो जो येऊन बसला त्याचा खांदा ते दादाचा करत गेलं.

"पण हे मशीन," तो अडखळत म्हणाला, "कुठल्या खाणीत..."

"खाणीतच होती सुरुवातीला. कडा बसला होता म्हणे हिच्यावर. पाऊसपाणी संपल्यावर गुपचूप उकरून काढली आणि विकली. केबिन दुसऱ्या मशीनची बसवलीय, बघा, वेल्डिंग दिसेल. मूळची पार चपटी झाली होती म्हणतात."

मुकादमाने खाकरून त्याला गप्प करायचा प्रयत्न केला. गिऱ्हाईक शेजारीच उभं होतं.

"आत कोणी होतं?" वहिनीने विचारलं.

ऑपरेटरने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या हातातल्या ओल्या रुमालाकडे पाहिलं. "ते मला कोण सांगणार, ताई," तो हळू म्हणाला. "विकताना तेवढं सांगत नाहीत."

वहिनीने रुमाल मुठीत घट्ट धरला. मग कवळीवाल्याला, जणू हिशेब नव्हे, साधी घरातली गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "रिकामं निघालं असतं तर कंपनीवाले सांगत आले असते, भाऊजी. घरापर्यंत आले असते सांगायला."

कवळीवाल्याने बकेटकडे पाहिलं.

बकेट अजून हवेतच होती. "अरे, खाली टेकव की ती," मुकादम ऑपरेटरवर खेकसला.

"टेकवावी लागत नाही. आपणहून टेकते."

आणि खरंच, बंद इंजिनावर, कोणी न बसलेल्या केबिनसमोर तो लांब दांडा हळूहळू उतरू लागला. आवाज नव्हता. डावीकडे कलत, थांबत थांबत, गुडघे दुखणारा माणूस खाली बसतो तसा. गिऱ्हाईकही बोलायचं थांबलं. बकेटचा डावा कोपरा आधी मातीला लागला, मग बाकीची. वहिनी पुढे गेली आणि त्या खुंटलेल्या दातावर तळहात ठेवून उभी राहिली.

"दमले असतील हो," ती म्हणाली. "मेल्यावरही इतकी वर्षं कामाला लावलं त्यांना."

रिक्षाने तो तिला घरी सोडायला गेला. घराच्या दारात रुमाल त्याच्या हातात देत म्हणाली, "मुलीला कळवा, मी येते म्हणावं. आणि हे तुमच्याकडे ठेवा. आता ओलं करू नका."

तिच्या मुठीच्या उबेने रुमाल केव्हाच सुकला होता.

मशीन त्याच गिऱ्हाइकाने नेलं. कुठेतरी कोणीतरी त्यावर बसत असेल आणि आपला खांदा का दुखतो म्हणून संध्याकाळी शेक घेत असेल. कवळीवाला नंतरच्या सुट्ट्यांना यार्डात गेला, पण बकेटसमोर बसला की अंगठा लावायला कचरायचा. कोणाचा हात येईल, आणि तो सोडेल का, याची आता खात्री नव्हती.

दोन दातांची ती कवळी त्याने दादाच्या साच्याशेजारी फळीवर ठेवली. पाण्याचं भांडं हाताशीच होतं. त्याने ते लांब सरकवलं. वहिनी मुलीकडे राहायला गेल्यावर काही आठवड्यांनी त्याने कवळी उचलली आणि साच्यावर बसवून पाहिली.

बसली नाही. एका बाजूने उचलली गेली होती.