बशीतला चहा

लोणावळ्याजवळच्या औंढ्यात कुणाचं वाजलं की आधी रखमाजी आबांना बोलावणं जायचं आणि मग, गरज उरलीच तर, पोलीस पाटलांना. ती सहसा उरत नसे. बांध कोरलेला असो, गुरं पिकात घुसलेली असोत, की सोयरिकीत शब्दाला शब्द लागलेला असो. आबा दोन्ही बाजूंना देवळाच्या पायरीवर बसवत, दोघांनाही सारख्याच शिव्या घालत आणि शेवटी एकच कप चहा मागवत. त्यातला अर्धा बशीत ओतायचा. बशी ज्याचं नुकसान झालं त्याला, कप ज्यानं केलं त्याला. दोघांनी चहा प्यायला की मिटलं. पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही. माणूस गोड होता, पण खरं सांगायचं तर आबांना मिटवण्याची चटक लागली होती. भांडण मुळात झालं कशावरून, हे ऐकून घेण्याइतका धीर त्यांच्याकडे कधीच नव्हता.

मग घरातलंच मिटवायची पाळी आली. नातू संदेश. बाप अतुल तळेगावच्या एका कंपनीत कंत्राटावर, मिळेल त्या शिफ्टला. आई लोणावळ्यात बंगल्यावर पर्यटकांच्या स्वयंपाकाला. सुट्टीच्या दिवशी तर ती घरात दिसायचीच नाही. संदेश दहावीला गणितात नापास झाला, आणि त्यानंतर पोरगं दिवसभर करतं काय, हे घरात कुणी विचारलं नाही. विचारलं ते टेकडीवरच्या पार्किंगवाल्या भाईनं. त्यानं वडापाव चारला, नवे बूट घेऊन दिले, बुलेटवर मागं बसवलं. आणि एक मंत्र दिला, "अठराच्या आतला हायस तू. तुला कोन काय करत न्हाई."

पहिल्यांदा संदेशनं एका पर्यटकाचा मोबाइल उचलला. आबांनी तो ज्याचा त्याला परत केला, हात जोडले, चहा पाजला. त्या संध्याकाळी संदेश त्यांच्या शेजारी येऊन बसला होता.

"आबा, एक सांगायचं व्हतं."

"मिटलं ना? मंग आता उगाळायचं न्हाई," असं म्हणून आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पोरगं उठून गेलं.

पुढं भाईच्या पोरांनी संदेशचा वाढदिवस केला. भर रस्त्यात केक, आणि तो कापायला कोयता. तोही घरचाच, कुंपणाची झुडपं तोडायचा, आबांच्या खोलीतल्या खुंटीवर टांगलेला. व्हिडिओ गावभर फिरला. पोलीस पाटील घरी आले, तर आबा हसून म्हणाले, "अवो, केकच कापलाय, मान न्हाई कापली." पाटीलही हसले. चहा झाला. कोयता पुन्हा खुंटीवर गेला.

मग पवनची गोष्ट. पवन हा शेजारच्या आळीतल्या रेणुकाचा एकुलता एक. संदेशच्याच वर्गातला, पण पास होऊन आयटीआयला लागलेला. भाईची पोरं पर्यटकांना दमदाटी करतात, असं तो चारचौघांत बोलला. संदेशनं आणि आणखी दोघांनी त्याला बडवला, समोरचा दात पाडला. रेणुका चप्पल घालून ठाण्यात निघाली होती. आबा तिच्या उंबऱ्यात आडवे आले.

"रेणुका, पोराचं आयुष्य नासंल. माज्या तोंडाकडं बग. पुन्ना हात उचलला तर मी सोता त्याला ठान्यात नेतो."

लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, त्या माणसाचा शब्द ती कसा मोडणार? रेणुकानं डोळे पुसले आणि बशी तोंडाला लावली.

आणि आज सकाळी संदेश मागच्या दारानं गोठ्यात शिरला, तेव्हा त्याच्या सदऱ्याची बाही लाल होती. आबांनी खोलीत जाऊन खुंटीकडे पाहिलं. कोयता नव्हता. तेवढ्यात आळीतून रेणुकाचा हंबरडा ऐकू आला. आयटीआयला निघालेल्या पवनला वळणावर गाठून वार केला होता. उजवा हात मनगटापाशी लोंबत होता म्हणे.

"आबा, भाईनं भ्या दाखवायला सांगितलं व्हतं फकस्त," संदेशनं आबांचे पाय धरले. "मिटवा ना, आबा. जावा ना रेणुकामावशीकडं."

सून फोनवर रडत म्हणाली, "आबा, त्याला माज्या माह्यारी धाडा, कुटं तरी लपवा." आबांना तेच करावंसं वाटत होतं, अगदी पोटातून वाटत होतं. पण ते रेणुकाच्या दारात गेले. पवनला गाडीत घातलं होतं. रेणुका चढता चढता थांबली.

"आबा, तुमची बशी तोंडाला लावली म्हनून माज्या पोराचा हात गेला."

ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं. गाडी निघून गेली. आबा घरी आले, नातवाचा दंड धरला आणि रिक्षा थांबवली.

ठाण्यात मुलांची प्रकरणं बघणाऱ्या अनघा मॅडम साध्या कपड्यांत होत्या. त्यांनी संदेशला खुर्ची दिली, पाणी दिलं. याआधी काही केलंय का, म्हणून आबांना विचारलं. आबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"आमच्याकडे यातलं काहीच आलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मोबाइलच्या वेळी याला आणलं असतंत तर समुपदेशक होते, परत परीक्षेला बसवता आलं असतं. त्या भाईला तेव्हाच हात घातला असता. आता बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागेल, आबा. माझ्या हातात फार थोडं उरलंय."

त्या फोन करायला बाहेर गेल्या. म्हाताऱ्याकडे बघून एका शिपायानं बशीसकट चहाचा कप आणून ठेवला. संदेशनं तो उचलला, अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी आबांपुढे सरकवली. कप स्वतःपाशी ठेवला.

"घ्या ना, आबा."

आबांचा हात पुढे झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "त्या मोबाइलच्या येळंला तुला काय सांगायचं व्हतं रं?"

संदेश म्हणाला, "भाईनंच उचलायला लावला व्हता तो. मला परत तितं जायचं नव्हतं. तुमी म्हनाल, जाऊ नगं, हितं माज्यापाशी थांब, असं वाटलं व्हतं."

आबांनी तोंडावर उपरणं घेतलं. मॅडम परत आल्या तेव्हा बशीतल्या चहावर साय धरली होती, आणि कपातलाही कुणी प्यायला नव्हता.