दोन बोटं माया

बार्शीटाकळीचे मामू टेलर माणसाचं नाव विसरत, माप कधी विसरत नसत. मी शाळेत बदलून आलो, तेव्हा वर्षभर त्यांनी मला ‘साडेपंधरा कॉलर’ म्हणूनच ओळखलं. माझा मास्तरकीचा सगळा तोरा त्या साडेपंधरात मावला.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मामू ती चांगली दोन बोटं सोडत. कापड वाया जातं अशी कुणी कुरकुर केली, तर उत्तर ठरलेलं, “माणूस वाढते बाप्पा, कपडा नाई वाढत.”

आमच्या शाळेत शिकलेला दिनेश सीमेवर शहीद झाला होता. त्याच्यावर पुस्तिका काढायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. अकोल्याला चार खेपा घालून मी पलटण, हुद्दा, तारखा आणल्या. शेवटी ‘देश त्यांचा सदैव ऋणी राहील’ असं ठोकून दिलं. मामूंनी माझ्याकडून सगळं वाचून घेतलं आणि म्हणाले, “सर, याच्यात नंबर हाय, तारीख हाय. पोरगा काहून नाई?” मला रागच आला.

मग त्यांनी कपाटातून कागदात गुंडाळलेला निळा शर्ट काढला. फौजेत छाती भरली म्हणून दिनेश शेवटच्या सुट्टीत तो सैल करायला टाकून गेला होता. पुढच्या सुट्टीत नेणार होता. त्याला तीन वर्षं झाली होती. आईकडे शर्ट पोचवायची मामूंची हिंमत होत नव्हती. “तिले काय सांगू? तयार हाय म्हणू?”

शाळेच्या काचेच्या कपाटासाठी मी तो मागितला. “गिऱ्हाइकाचा हाय,” एवढंच ते म्हणाले. शेवटी शर्ट द्यायला मी त्यांच्यासोबत दिनेशच्या घरी गेलो.

आईने शर्ट उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. “मामू, सैल करूनबी माया उरली हाय.”

“ठेवली थोडी. अजून भरला असता.”

तिने शर्ट सुलटा करून घडी घातली. मग ती शर्ट मांडीवर ठेवून म्हणाली, “जेवल्याबिगर जाऊ नका.” आमच्या वऱ्हाडात याहून मोठे आभार नाहीत. घरी येऊन मी ऋणाचं वाक्य खोडलं आणि शर्टाची हकिकत लिहिली.

मामू गेल्या वर्षी गेले. परवा त्यांनीच शिवलेला माझा शर्ट पोटावर घट्ट झाला, म्हणून दुसऱ्या शिंप्याकडे नेला. त्याने शिवण उसवून पाहिली. “माया लई हाय सर, अजून दहा वर्षं घालसान.”

दिनेशला न मिळालेली ती दहा वर्षं मी वापरतो आहे, हे मला त्या दुकानात उभं असताना कळलं.