किलोवर निवडलेला बेदाणा

बाळांनो, मागे फोनवर तुम्ही विचारलंत की आजी पाठवते त्या चॉकलेटांसाठी कुठे लहान मुलांना राबावं तर लागत नाही ना. तुमच्या शाळेत आफ्रिकेतल्या कोकोच्या बागांविषयी सांगितलं होतं. तिथे तुमच्याच वयाची मुलं कोयत्याने कोकोची फळं फोडतात. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी तोच प्रश्न आमच्या शेजारणीला विचारला. पुढे काय झालं ते फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

ही शेजारीण विश्रामबागेत आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. तिच्या सासरी हळदीचा व्यापार आहे. ती मात्र मागच्या खोलीत चॉकलेटं करते. आत बेदाणा असलेली, तुम्ही दोघं भांडून खाता ती तिचीच. माझा प्रश्न तिने हसण्यावारी नेला नाही. तिने कोको विकणाऱ्याला फोनवर फोन केले, आणि माल केरळमधल्या कोणत्या बागांतून येतो हे तो सांगेपर्यंत त्याला सोडलं नाही. मग आमच्याकडे चहा घेताना म्हणाली, "काकू, इतक्या लांबच्या कोकोची चौकशी केली. बेदाणा तर तासगावकडचा. तिथं मी फक्त भाव विचारते."

दुसऱ्याच दिवशी तिच्या गाडीतून आम्ही बेदाण्याच्या शेडवर गेलो. शेडचे मालक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. बायका रांगेने बसून बेदाण्यातल्या काड्या आणि काळे मणी वेचत होत्या, आणि त्यांच्यामध्ये मुलंही बसली होती. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी आईइतक्याच वेगाने वेचत होती आणि चिकट बोटं मधूनमधून फ्रॉकला पुसत होती. मुलांनी निवडलेला माल मी घेणार नाही, असं शेजारणीने स्पष्ट सांगितलं. सुभेदार चिडले नाहीत, गोंधळले. "आवं भाभी, आई कामाला आली की पोरं मागनं येनारच. घरात कुनाजवळ ठेवायची?" पण गिऱ्हाईक जुनं, त्यांनी अट मान्य केली.

आठवड्याभराने आम्ही न कळवता गेलो. शेडमध्ये एकही मूल नव्हतं. सुभेदारांनी अभिमानाने सगळी रांग दाखवली, आम्ही त्यांचे आभार मानून निघालो. गावातून बाहेर पडताना एका घराच्या ओसरीवर तीच मुलगी दिसली. पुढ्यात बेदाण्याचा क्रेट, आणि मान खाली घालून ती वेचत होती. मुलांना शेडमध्ये बंदी झाल्यावर माल संध्याकाळी घरी जाऊ लागला होता. यात कोणी कोणाला फसवलं असंही नाही. अट शेडपुरती होती आणि सुभेदारांनी ती शेडपुरती पाळली होती.

मला वाटलं, आता शेजारीण तडक दुसरा व्यापारी शोधेल. ती ओसरीवर त्या मुलीशेजारी बसली आणि क्रेटमधल्या काड्या वेचू लागली. थोड्या वेळाने आई आली. "तुमी सरकारी हाय का?" असं तिने आधी विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर बोलली. "शाळा हाय की हिची. पर पैसं किलोवर मिळत्यात. माज्या एकटीच्या हातानं कितीसं व्हनार? ही बसली तर माजा दिस भरतो."

शेजारीण परत शेडवर गेली. चूक तुमची नाही, माझी अटच अर्धवट होती, असं तिने सुभेदारांना सांगितलं. बायकांना किलोवर नको, रोजावर पैसे द्या, माल शेडबाहेर जाऊ देऊ नका, बेदाण्याचा वाढीव भाव मी देते. सुभेदार हसले. रोजावर बायका गप्पा मारत बसतील, माल रखडेल, असं त्यांचं म्हणणं. "मग तुमची ईद काय थांबनार हाय का?"

तिचं नेमकं तिथेच अडत होतं. साताऱ्याच्या एका दुकानदाराने ईदसाठी चॉकलेटचे डबे मागवले होते. एवढी मोठी ऑर्डर तिला आजवर मिळाली नव्हती, आणि त्या भरवशावर तिने नवा फ्रिजही घेतला होता. तरीही तिने शब्द मागे घेतला नाही, तेव्हा सुभेदारांनी तिच्या मालापुरतं रोजावर काम लावलं. बेदाणा सुभेदारांनी सांगितलं तसाच रखडत आला. मग तिने माझ्यासमोरच साताऱ्याला फोन लावला. अर्धेच डबे होतील, हे आणि त्याचं कारणही सांगितलं. "आता बेदाण्याला जन्माचा दाखला लावून विकणार का, भाभी?" तो म्हणाला.

"लावता आला तर लावेन," ती म्हणाली. "सध्या अर्धेच डबे मिळतील."

त्याने अर्धे घेतले. पुढची ऑर्डर देईल की नाही, ते अजून बोललेला नाही. ईदला तिने नेहमीसारखा आमच्याकडे शीरखुर्मा आणून दिला.

ईदनंतर, शाळांच्या परीक्षा चालू असताना, आम्ही पुन्हा गेलो. मुलीची आई रांगेत होती. "पेपरला गेलीया," तिने मान वर न करता सांगितलं. सुभेदारांनी बायका फार बोलतात अशी तक्रार केली, आणि मग मूठभर बेदाणा माझ्या तळहातावर ठेवला. त्यात एकही काडी नव्हती. आता घाई नसते, म्हणून निवड स्वच्छ होते, हे त्यांनीच कबूल केलं. सगळीच रांग त्यांनी रोजावर केली होती, फक्त शेजारणीच्या मालापुरती नाही.

परतताना रस्त्याकडेला आणखी एक शेड लागली. हिरव्या जाळीखाली मुलांची डोकी दिसत होती. ऊन रणरणत होतं, आणि या शेडचा माल ती घेतही नाही. तिने गाडी कडेला घेतली, मला झाडाच्या सावलीत बसायला सांगितलं आणि ती आत शिरली. दाराशी मालक उभा होता. मुलांविषयी तिने चकार शब्द काढला नाही.

"दादा," तिने विचारलं, "तुमच्याकडं बायकांना पैसे किलोवर देता, की रोजावर?"