फोनो स्टेज कुणाच्या कानाने

कागदाच्या मिलमधून निवृत्त झालो आणि बुऱ्हाणपुरात राहायला आलो, त्याच वर्षी मी टर्नटेबल घेतलं. गाण्यांच्या तबकड्या आधीपासून होत्या. मिलच्या क्वार्टरमध्ये असताना जळगावला गेलो की एकदोन घेऊन यायचो. पुढे जुना रेकॉर्ड-प्लेअर बंद पडला आणि तबकड्या लोखंडी कपाटात गेल्या. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत मी मनाशी ठरवून ठेवलं होतं, की बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण या तबकड्या पुन्हा वाजवायच्या.

टर्नटेबल इंदूरच्या एका गृहस्थांकडून आणलं. ते जुन्या तबकड्या आणि यंत्रं जमवतात. घरी येऊन अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं, सुई टेकवली, आणि गाणं विहिरीच्या तळातून यावं तसं आलं. आवाज पूर्ण वाढवला तरी तेच. इंदूरला फोन केला तेव्हा कळलं की मधे फोनो स्टेज नावाचा डबा लागतो. सुईकडून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो, तो वाढवावा लागतो. शिवाय तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम कमी आणि वरचे जास्त करून ठेवलेले असतात, ते हा डबा पुन्हा जागेवर आणतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे सगळं आतच असायचं. माझ्या नव्यात नव्हतं.

मग तीन महिने मी फोनवर फक्त फोनो स्टेजबद्दल वाचलं. बायको म्हणायची, "मिलचं मशीन घेतानासुद्धा एवढा विचार केला नसेल कोणी." शेवटी एक छोटा, स्वस्तातला डबा मागवला. पहिल्या दिवशी त्यातून गुणगुण यायची. अर्थिंगची तार नीट जोडल्यावर ती गेली. गाणं स्वच्छ ऐकू आलं. माझ्या मते काम झालं होतं.

चारेक दिवसांनी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"अहो, हे फसफस काय होऊन राहिलंय?"

"कुठे?"

"गाण्यात. तेलात ओली मिरची पडल्यावाणी. आणि वर एक बारीक शिट्टी."

मी आवाज बंद केला, पुन्हा सुरू केला. मला गाणं ऐकू येत होतं, बाकी काही नाही. मी म्हटलं, तुला भास होतोय, रस्त्यावरून काहीतरी येत असेल. ती म्हणाली, भास कशाला होईल, आणि आत गेली.

इथे सांगायला हवं की ती जवळच्याच दापोऱ्याची, केळीच्या मळ्यात वाढलेली. तिच्या माहेरी अजून सांगतात, की विहिरीवरची मोटर पाणी उचलतेय की नुसतीच फिरतेय, ते ही घरात बसून आवाजावरून सांगायची. पण हे मला त्या दिवशी आठवलं नाही. गाण्याची तिला कधी आवड नव्हती. म्हणून तिच्या कानावर विश्वास ठेवावा असं मला वाटलं नाही.

तरी मनात राहिलंच. गावात शनवारा दरवाजाजवळ रेडिओ दुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. आता तिथे मिक्सर आणि पंखे जास्त येतात. दुकानाचे मालक साठीच्या पुढचे, कारागीर माणूस. त्यांना घरी बोलावलं. ते आले, खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसले, आणि मी तबकडी लावली. अर्धं मिनिट झालं नसेल, त्यांनी मान वर केली.

"साहब, अ‍ॅडॉप्टर कचरा है. शिट्टी त्याची आहे. आणि ही जी सूं-सूं आहे ना, ती या डब्याची."

"कुठली सूं-सूं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे पाहून विचारलं, "भाभी, आपको आ रही है ना?"

"चार दिवसांपासून सांगते आहे मी," ती म्हणाली.

रेडिओवाल्यांनी आवाज बंद केला. मग ते सावकाश म्हणाले, "साहब, मशीन मी बघतो. तुम्ही एकदा कान दाखवून घ्या."

कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून, डोक्यावर हेडफोन लावून, बारीक-मोठे आवाज ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. बराच वेळ मला वाटलं की यंत्र बंद पडलंय. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला, डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. रेघ डावीकडून नीट सरळ येत होती आणि मधे पोचल्यावर एकदम खाली कोसळली होती. नोकरी कुठे केली, विचारलं. कागदाच्या मशीनवर, म्हटलं. कानात बोळे घालत होतात का? बोळे मिळायचे. ते मी ड्रॉवरमध्ये ठेवायचो, कारण ते घातले की मशीनचा आवाज बदललेला कळत नाही असं माझं म्हणणं असायचं.

"हे आजचं नाही," डॉक्टर म्हणाले. "वीस वर्षं तरी झाली असतील. बोलणं कळतं, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही."

घरी येऊन मी तो कागद बायकोला दाखवला. तिने रेघेवरून बोट फिरवलं, जिथे ती कोसळते तिथे थांबली. "म्हणजे याच्या पुढचं तुम्हाला काहीच येत नाही?" मी म्हटलं, जवळजवळ नाही. ती म्हणाली, "तरीच. कुकरची शिट्टी मी मोजते आणि तुम्ही विचारता, झाली का." मला हसू आलं. वाईटही वाटलं असेल, पण त्या वेळी हसूच आलं.

तोवर आणखी दोन डबे घरात आले होते. एक इंदूरच्या गृहस्थांनी महिनाभर वाजवून बघा म्हणून पाठवलेला, परदेशी, जड, पुढे जाड काळी पट्टी असलेला. दुसरा रेडिओवाल्यांनी स्वतः बनवलेला, जुन्या स्टॅबिलायझरच्या पत्र्याच्या खोक्यात बसवलेला. मला इंदूरचा आवडला होता. त्यात तबला छातीवर आल्यासारखा वाजायचा. सहा महिन्यांपूर्वी मी तो डोळे मिटून ठेवून घेतला असता.

एका दुपारी मी तिन्ही डबे टेबलावर मांडले, वर टॉवेल टाकला, आणि बायकोला समोर बसवलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. एकच तबकडी, एकच भजन. लग्नाच्या आधी घेतलेली तबकडी होती ती. तारा मी बदलायचो आणि आवाज शक्य तितका सारखा ठेवायचो, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, एवढं वाचून शिकलो होतो.

पहिल्यालाच ती म्हणाली, "हा फसफसवाला." दुसऱ्याला शेंगा सोलत राहिली. तिसऱ्याला तिचे हात थांबले.

"ती बाई गाण्याआधी श्वास घेते."

"काय?"

"श्वास. प्रत्येक ओळीआधी. आणि पेटीचा भाता ओढतात ना, तो पण येतो. मघाच्यात बाई लांब उभी होती, यात इथे बसली आहे."

टॉवेलखाली तिसरा डबा रेडिओवाल्यांचा होता. मी क्रम बदलला, पुन्हा वाजवलं. तिने पुन्हा तोच सांगितला. तिसऱ्यांदाही तोच. मी स्पीकरला जवळजवळ कान लावून तो श्वास शोधला. मला ओळ संपलेली कळत होती, पुढची सुरू झालेली कळत होती, मधे काही नव्हतं. ही तबकडी मी तरुणपणी शेकडो वेळा ऐकली आहे. तेव्हा तो श्वास मला ऐकू येत असणार. तो कसा होता ते आठवून बघितलं. आठवला नाही.

"मग हा ठेवू?" मी विचारलं.

"ऐकणार तुम्ही. तुम्हाला तो जड डबा आवडतो ना? तो ठेवा."

"त्यात मला जेवढं येतं तेवढंच यात येतं. तुला यात जास्त येतं."

"मी कधी ऐकते गाणी?"

मी रेडिओवाल्यांचा डबा ठेवला. त्यांना फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "भाभी को पूछ के रखा ना? बस."

कानाचं मशीनही घेतलं. बोलताना त्याचा उपयोग होतो. गाणं मात्र त्यातून पत्र्यावर वाजवल्यासारखं येतं, म्हणून ऐकताना मी ते काढून ठेवतो. दुपारी बायको कधी कधी स्वतःच तबकडी लावते. सुई ती माझ्यापेक्षा हलक्या हाताने टेकवते.

संक्रांतीनंतर तिच्या भाचीच्या साखरपुड्याला इंदूरला गेलो, तेव्हा तो जड डबा परत द्यायला त्या गृहस्थांच्या घरी गेलो. का परत केला, ते मी सगळं खरं सांगितलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी बायकोला आपल्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "ताई, माझंही जरा ऐका." खोलीत मोठाले स्पीकर होते, भिंतीवर गाद्या बसवलेल्या. तिने पदर सावरून तबकडीची पूर्ण बाजू ऐकली.

"छान आहे," ती म्हणाली. "फक्त हा डावीकडचा थोडा दबून वाजतोय."

ते म्हणाले, शक्य नाही. मग उठून डाव्या आणि उजव्या तारा एकमेकांच्या जागी लावल्या, पुन्हा ऐकलं, स्पीकरची जाळी काढली आणि वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भोंग्याला कान लावून बराच वेळ तसेच बसून राहिले. तो बंद होता. कधीपासून, ते त्यांना सांगता येईना.

थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला जाणवलं होतं का?"

मी म्हटलं, "मला दोन्ही सारखेच वाटले."