गार हाय तोवर चालू कर

आमच्या घरात एसी एकच आहे आणि तो नानांच्या खोलीत आहे. नाना म्हणजे माझे वडील. त्यांच्या हिशेबाने गारवा दोघांनाच लागतो, द्राक्षांना आणि त्यांना. आईही त्याच खोलीत झोपते, पण तिची गादी दाराजवळ, जिथे झोत पोचत नाही. मी एकुलती एक, लाडाची, म्हणून मला सगळ्यात वरची खोली. डोक्यावर थेट स्लॅब. पाहुणे आले आणि "नाशिकची हवा म्हणजे काय सांगावं" असं सुरू झालं की मी त्यांना आग्रहाने वर न्यायचे, खुर्ची द्यायचे आणि दार ओढून घ्यायचे. एप्रिलच्या दुपारी चहा येईपर्यंत एकही पाहुणा तिथे टिकला नाही.

त्या भट्टीत माझा गेमिंगचा कॉम्प्युटर होता. लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून, घामट नवरदेवांचे चेहरे उजळ करून देऊन, मी तो एकेक भाग घेत उभा केला होता. नानांनी त्याला कधी हात लावला नाही. पाहुण्यांना मात्र सांगायचे, "आमची बाई दिवसभर बंदुका चालवती. मेलं कुणीच नाय अजून." पाहुणे हसायचे. मीही हसायचे, कारण हसलं नाही तर नाना तोच विनोद परत सांगायचे.

नानांचं दिंडोरी रस्त्याला द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. बागेतून माल येतो, बायका तो निवडून पेट्या भरतात, पेट्या आधी प्रीकूलिंगला जातात, म्हणजे एका मोठ्या खोलीत जोराच्या थंड हवेत, आणि मग शीतगृहात. त्या जागेवरचा माझा राग लहानपणापासूनचा. शाळेत असताना मैत्रिणींना दाखवायला मी एक गार पेटी बाहेरच्या ओट्यावर आणून उन्हात उघडली. बघता बघता मण्यांना पाणी सुटलं, सगळे घड ओलेचिंब झाले. नानांनी निवडणाऱ्या सगळ्या बायकांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. "गार माल गरम हवेत उघडायचा नाय! पाणी सुटतं, माल मरतो!" तिथे कामाला आलेल्या प्रत्येकाला पहिला धडा हाच मिळतो. मला तो जरा जोरात मिळाला.

अशा ठिकाणी मी बसावं, निवडणीवर लक्ष ठेवावं आणि पुढे सगळा धंदा सांभाळावा, असं नानांचं ठरलेलं होतं. माझं ठरलेलं वेगळं होतं. पुण्यातला एक संघ ऑनलाइन स्पर्धा खेळायचा. पगार द्यायचा, राहायला जागा द्यायचा. त्यांनी माझा खेळ पाहून मला चाचणीला बोलावलं. आपल्या घरून, आपल्याच मशीनवर खेळायचं होतं. मी जेवताना घरात सांगितलं. नानांनी भाकरी मोडता मोडता निकाल दिला.

"घेतलं तर जा. नाय घेतलं तर पॅकहाऊसला यायचं आणि परत त्या डबड्याचं नाव काढायचं नाय."

मी हो म्हणाले. आई म्हणाली, "आमटी घे."

चाचणीत मी चांगली खेळत होते, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. मग चित्र अडखळायला लागलं. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला सावकाश चालतो. आपण बटण दाबतो आणि पडद्यावरचा माणूस विचार करून पाऊल टाकतो. तापमान शंभरीला टेकलं, पंखे किंचाळले आणि पडदा काळा झाला. थोड्या वेळाने पुण्याच्या मॅनेजरचा फोन आला. सभ्य माणूस होता. म्हणाला, "तुमचा खेळ आवडला, पण मशीन नीट करून घ्या. पुढच्या रविवारी दुपारी परत एकदा बघू. त्यानंतर मात्र जमणार नाही."

मी कॉम्प्युटर उघडला आणि आत जे निघालं त्याने माझं डोकं फिरलं. दर खंडेनवमीला आई घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करते, मिक्सरपासून नानांच्या गाडीपर्यंत. माझ्या कॅबिनेटला वरच्या बाजूला जाळी आहे, गरम हवा निघून जायला. आईने दरवर्षी त्या जाळीवर हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या आणि ते सगळं भक्तिभावाने ग्राफिक्स कार्डावर जमलं होतं. पंख्यांच्या पात्यांवर कुंकवाचा चिकट थर बसला होता. पुढच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या वाळून अडकल्या होत्या. मी आईला वर बोलावलं आणि चिमट्याने एकेक तांदूळ काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"हे घे. खिचडी कर."

"चांगलं व्हावं म्हणूनच वाहिल्या ना गं," ती म्हणाली.

"झालं की चांगलं."

ती तांदूळ मुठीत धरून खाली गेली. वाईट वाटून घ्यायला मला वेळ नव्हता. पंखे ब्रशने झाडले, कोपऱ्याकोपऱ्यातली धूळ ब्लोअरने उडवली. प्रोसेसर आणि त्याच्यावर बसून उष्णता ओढून घेणारा हीटसिंक यांच्यामध्ये जी पेस्ट असते ती वाळून तिची खपली झाली होती. ती पुसली आणि हरभऱ्याच्या दाण्याएवढी नवी लावली. एम. जी. रोडवरून मोठा हीटसिंक आणला, पुढे हवा आत घेणारे पंखे लावले, मागे हवा बाहेर टाकणारा. घराचं फर्निचर करताना सुताराने कॉम्प्युटरला दाराचा बंद कप्पा करून दिला होता, धूळ बसू नये म्हणून. त्यात तो इतकी वर्षं स्वतःचीच गरम हवा पीत बसला होता. तिथून काढून टेबलावर मोकळा ठेवला.

सकाळी खेळून पाहिलं तर तापमान सत्तरच्या वर जाईना. मी खोलीत एकटीच नाचले. दुपारी परत खेळले आणि आकडा पुन्हा नव्वदीकडे निघाला. कारण साधं होतं. पंखा हवा देतो, गारवा देत नाही. खोलीतली हवाच तापलेली असेल तर ती कितीही जोरात फिरवली तरी काय होणार? आणि चाचणी दुपारची. करण्यासारखं होतं तेवढं मी सगळं केलं होतं, आता फक्त एक गार खोली हवी होती.

मी नानांना विचारलं, "रविवारी दुपारी तुमच्या खोलीत बसू का?"

"तेव्हा माझी झोप असती."

"एक दिवस हॉलमध्ये झोपा ना."

"तुला बंदुका चालवायला मी हॉलमधी झोपू?"

विषय संपला. आईने मान वर करून पाहिलंही नाही. तांदळाचा राग असावा.

शनिवारी संध्याकाळी नाना स्वतः वर आले. त्या खोलीत ते याआधी कधी आले होते ते मला आठवेना. घाम पुसत कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली, पंख्यापुढे हात धरून पाहिला आणि विचारलं, "नेमकं काय तापतं यातलं?" मी दाखवलं. हीटसिंक दाखवला, पंख्यांची दिशा समजावली, पेस्ट कशाला लागते तेही सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. मला इतका आनंद झाला की मी बोलतच सुटले, शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यासारखी.

"याला प्रीकूलिंगला टाकू," नाना म्हणाले. "रातभर. द्राक्षाचा मणी पार गाभ्यापर्यंत गार होतो तिथं, हे डबडं काय! उद्या दुपारी मी आणून देतो. तुझा खेळ होईपर्यंत टिकंल गारवा."

आज कुणी गिऱ्हाइकाने मला हे सांगितलं तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन. पण तेव्हा नाना ते ओझं स्वतः उचलून जिना उतरत होते, पायरीपायरीवर थांबत, "दार धर गं" म्हणत. माझी एखादी वस्तू त्यांनी जपून धरलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. डोकं कुठून चालणार? मी दार धरलं.

रविवारी ते सांगितलेल्या वेळेला आले नाहीत. मी जिन्यात उभी राहून नखं खात होते. चाचणीला अगदी थोडा वेळ उरला तेव्हा गाडी आली. कॉम्प्युटर गोधडीत घट्ट गुंडाळलेला होता. "गारवा उडायला नको," नाना म्हणाले. आम्ही दोघांनी तो वर नेला, गोधडी काढली, मी वायरी जोडल्या. पत्रा इतका गार होता की बोटांना बरं वाटलं. कॅबिनेटच्या बाजूच्या काचेवर वाफ धरायला लागली होती. माझा हात थबकला.

"जरा थांबू का, नाना?"

"थांबून काय करती? परत तापंल. गार हाय तोवर चालू कर."

मी बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले, आत टक् असा आवाज झाला आणि मग जळका वास आला. नव्या हीटसिंकवरून पाण्याचे थेंब ओघळून मदरबोर्डवर पडत होते. मी वायर उपटली, गोधडीने पाणी टिपत राहिले, ओरडत राहिले. आई धावत वर आली आणि दारातच उभी राहिली. नानांनी रुमालाने मान पुसली. "नशीब," एवढं म्हणाले आणि खाली झोपायला गेले. त्यांच्या खोलीतला एसी चालू झाल्याचा आवाज मला वर ऐकू आला.

पुण्याला फोन केला. सभ्य माणूस सभ्यपणे नाही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पॅकहाऊसला गेले. शब्द दिला होता ना. खराब मणी कापायची कात्री हातात घेऊन बायकांमध्ये बसले. जेवणाच्या सुट्टीआधी एका नव्या हमालाने गार पेटी बाहेरच्या ओट्यावर ठेवली आणि झाकण काढलं. नाना आतून धावत आले.

"गार माल गरम हवेत उघडतो व्हय रे! पाणी सुटंल, माल मरंल!"

अगदी तेच शब्द, माझ्या कानाखाली वाजवून शिकवलेले. हमालाने घाईघाईने झाकण लावलं. मी कात्री खाली ठेवली.

"नाना, तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

बायकांचे हात थांबले. नानांनी वळून माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

"म्हाईत नसतं तर इतकी वर्षं हा धंदा केला असता का मी?" मग बायकांकडे बघून म्हणाले, "हात चालवा."

लोक मला समजावतात की बापाचंही काही असतं, एकुलती एक मुलगी लांब जाऊ नये असं त्याला वाटत असेल, माया असते ती. असेल. ज्या मायेला आधी रात्रभर गार करावं लागतं ती मला नको. मी त्यांचा मनापासून तिरस्कार केला आणि तो हंगाम संपेपर्यंत त्यांच्यासमोर बसून द्राक्षं कापली. मग घर सोडलं.

आता कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. तापलेले कॉम्प्युटर गार करून देणं हेच माझं काम. पोरं येतात, एडिटिंगवाले येतात. मी झाकण उघडते, अक्षता निघाल्या की त्यांच्या आईचा उद्धार करते आणि काम चोख करून देते. स्पर्धेत परत खेळले नाही. त्या खेळात पंचविशी म्हणजे म्हातारपण.

यंदा ऐन हंगामात नानांचा फोन आला. घर सोडल्यापासूनचा पहिलाच. शीतगृहाचा सगळा कारभार आता एका कॉम्प्युटरवर चालतो आणि तो तापून सारखा बंद पडत होता. कंपनीचा माणूस उद्याशिवाय येणार नव्हता. खोल्या मालाने भरलेल्या. नानांचा आवाज पार उतरलेला होता.

"तू तेच काम करती म्हणं. काय करू सांग. सगळा माल जाईल गं."

उत्तर मला फोनवरच कळलं होतं. पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवलेला, धुळीने बुजलेला बंद डबा. बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला असता तरी उद्यापर्यंत निभावलं असतं.

"प्रीकूलिंगला ठेवा," मी म्हणाले. "रातभर. आणि सकाळी गार हाय तोवर चालू करा."

मागे कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येत होती. आता शिव्या येतील म्हणून मी वाट पाहत होते, मला त्या हव्याच होत्या. पण नाना हसले. खोकला लागेपर्यंत हसले.

"आता शोभती माझी पोरगी," ते म्हणाले. "ये परत. हे समदं तुलाच जमंल."

आयुष्यात त्यांनी माझं केलेलं हे एकच कौतुक, तेही अगदी मनापासून. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं आणि त्याच क्षणी मला स्वतःची किळस आली. मी फोन ठेवला. टेबलफॅनचं सांगितलं नाही.